महिन्याची यादी कुठे जाते?

पगार झाल्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे नंदुरबार, शहादा, नवापूरच्या किराणा दुकानदारांची दर महिन्याची दिवाळी. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेली यादी यायची: तूरडाळ ४ किलो, शेंगदाणे ३, साखर ५, गूळ, पोहे, तेलाचा डबा, अंगाचा साबण, कपड्यांचा साबण आणि सगळ्यात शेवटी ‘उदबत्ती चांगली द्या’. यादी गल्ल्याजवळ ठेवून गिऱ्हाईक निघून जाई. भाव विचारायचा तो फक्त तेलाचा आणि साखरेचा, बाकी ‘लावा तुम्हीच’. संध्याकाळी दुकानातला पोऱ्या सायकलच्या कॅरियरवर पिशव्या बांधून माल घरी टाकून येई आणि हिशेब वहीत चढे.

ही यादी आता पातळ झाली आहे. दुकान चालू आहे, गिऱ्हाईकही येते. पण डाळ-तांदूळ, तेल आणि साबणाचा मोठा सौदा दुसरीकडे होतो आणि जुन्या दुकानात येते ती अर्धा किलो रव्याची किंवा विसरलेल्या मोहरीची मागणी. मॉल आणि सुपरमार्केट छोट्या दुकानांना गिळतात का, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा मुंबई-पुण्याच्या चष्म्यातून होते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून पाहिले की उत्तर बदलते, कारण इथे बाजार एक नाही, तीन आहेत, आणि मोठ्या दुकानाचा हात त्या तिन्हींपर्यंत सारखा पोहोचत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के, आणि शहरात राहणारे सहांतला एक. खुद्द नंदुरबार शहर १ लाख ११ हजारांचे. सरकते जिने, सिनेमागृह आणि खाद्यगल्ली असलेला मॉल उभा राहायला लागणारी गर्दी इथे नाही. त्यामुळे इथे ‘मॉल’ हा शब्द सैल वापरला जातो. ज्या दुकानात आपल्या हाताने माल उचलून टोपलीत टाकता येतो आणि छापील पावती मिळते, ते मॉल. अशी सेल्फ-सर्व्हिस दुकाने काढणारे बरेचदा जुन्या व्यापारी घरांतलेच पुढच्या पिढीचे असतात. खरा मोठा मॉल लोक पाहतात तो सुरतेत. लग्नाचा बस्ता असो की दिवाळीची खरेदी, नंदुरबार-नवापूरच्या माणसाला सुरत पुण्यापेक्षा कितीतरी जवळची. उधना-जळगाव या ३०६ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पुरे झाले, तेव्हापासून तर अधिकच. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन माणसांच्या मधून राज्याची सीमा जाते. बाजारपेठेला ती सीमा कधीच अडली नाही. निझर, कुकरमुंड्याचे गुजराती गिऱ्हाईक नंदुरबारला येते, मध्य प्रदेशातल्या खेतियाचे शहाद्याला. म्हणजे त्या खेड्यांतल्या दुकानदाराच्या लेखी नंदुरबारची पेठ हाच मोठा मॉल आहे. आपला धंदा मोठे दुकान पळवते ही तक्रार उतरंडीतल्या प्रत्येक मडक्याला वरच्याबद्दल करता येते.

तीन बाजार म्हणजे कोणते? पहिला महिन्याच्या यादीचा. शिक्षक, आश्रमशाळांतले कर्मचारी, जिल्हा परिषद, महसूल, पोलीस, बँका, रेल्वे, शिवाय शहादा परिसरातला ऊस-केळीवाला सधन शेतकरी, हे त्याचे गिऱ्हाईक. दुसरा आठवडे बाजाराचा. आणि तिसरा रोजच्या पुडीचा: दहाचे तेल, पाचचा चहा, एक-दोन रुपयांची शाम्पूची पुडी. संध्याकाळी मजुरी हातात पडली की रात्रीच्या चुलीपुरते घ्यायचे. मोठे दुकान झडप घालते ती पहिल्या बाजारावर. नगाने तो सगळ्यात लहान असेल, पण रोकड तिथेच.

हे कसे घडते ते गल्ल्यामागे बसून पाहावे. समजा, एका साबणाच्या वडीवर छापील किंमत ५० रुपये आहे. गावातल्या दुकानदाराला ती वितरकाकडून साधारण ४५ रुपयांना पडते. छापील किमतीला विकली तर पाच रुपये सुटतात. त्यातून दुकानाचे भाडे, वीज, पोऱ्याचा पगार, उंदरांनी खाल्लेले आणि उधारीत बुडालेले भागवायचे. आता मोठी साखळी तीच वडी ४४ ला विकायला ठेवते. आपल्याला माल घ्यायला पडतो त्यापेक्षा कमी भावात समोरचा विकतो, हे पाहून दुकानदाराला त्यात लबाडी दिसते. लबाडी असेलच असे नाही. साखळी थेट कंपनीकडून ट्रकभर माल घेते, मधला वितरक गळतो, फळीवर मोक्याची जागा दिल्याबद्दल कंपनी वर पैसे मोजते.

डी-मार्टचे गणित या बाबतीत शिकण्यासारखे आहे. राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये पवईत पहिले दुकान काढले, आणि मार्च २०२५ अखेर त्यांची ४१५ दुकाने झाली. भाड्याच्या मॉलमध्ये शिरण्याऐवजी बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या घ्यायच्या, पुरवठादाराचे पैसे बाजाररीतीपेक्षा फार लवकर चुकते करायचे आणि त्याबदल्यात भाव पाडून घ्यायचा, थोड्याच जाती ठेवायच्या पण त्या झरझर संपवायच्या. यात जादू कसलीच नाही. रोख खरेदी, स्वतःची जागा आणि पडून न राहणारा माल ही जुन्या वाण्याचीच शहाणपणाची सूत्रे आहेत, फक्त हजारपटीने.

उलट बाजूही पाहू. पुडीच्या बाजारात मोठे दुकान आडवे येऊ शकत नाही. २०२२-२३ च्या सरकारी खर्च पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातला दरडोई मासिक खर्च सरासरी ४,०१० रुपये निघाला. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात नंदुरबार जिल्ह्यातले ५२ टक्के लोक बहुआयामी गरिबीत होते, राज्यात सर्वांत जास्त. अशा घरात पाच किलोच्या पिशवीवर वीस रुपयांची सूट ही बातमीच नव्हे. पाच किलो घ्यायला एकदम पैसे हवेत, आणायला गाडी हवी, ठेवायला डबा हवा. गरिबाला वस्तू महाग पडते ती यासाठी. गंमत अशी, की शाम्पूच्या पुडीत हे उलटे होते. मिलिलिटरमागे हिशेब केला तर पुडी बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त निघते, कारण कंपन्यांची खरी चुरस त्या दुकानात टांगलेल्या माळांवरच चालते. सुपरमार्केटमधून मोठी बाटली घेऊन खूश होणाऱ्याने एकदा हा गुणाकार करून पाहावा.

आणि आठवडे बाजार? धडगाव, मोलगीच्या बाजाराला किराण्याची खरेदी म्हणणे म्हणजे पंढरपूरला चहा प्यायला गेलो म्हणण्यासारखे. डोंगरातून उतरलेला माणूस इथे आधी विकतो आणि मग विकत घेतो. मोहफुले, चारोळी, आमचूर, कोंबडी, बांबूच्या टोपल्या आणायच्या, त्यांचे पैसे करायचे, त्या पैशांत मीठ, तेल, मिरची, कपडा, कोयत्याला धार आणि पोराला खाऊ. सोयरीक ठरते, निरोप जातात, आजारी माणसाला दवाखाना दाखवला जातो. होळीआधीच्या आठवड्यातले भोंगऱ्या बाजार तर वर्षाची सगळ्यात मोठी उलाढाल. दाळ्या, खजूर, गूळ, साखरेचे हार-कडे, घुंगरू, नवी लुगडी यांनी रस्ते फुलतात आणि ढोलाच्या आवाजात भाव ओरडून सांगावा लागतो. मॉल माणसाकडून फक्त पैसा घेतो. त्याच्याकडून आमचूर विकत घेत नाही. ज्याच्याकडे आधी विकल्याशिवाय खरेदीला पैसाच नाही, त्याला बारकोडचा उपयोग शून्य.

देशभरातल्या अभ्यासांनी काय सांगितले? दोन निष्कर्ष नेहमी एकमेकांवर आदळवले जातात. अनुराधा कल्हण यांनी मुंबईतल्या मॉलच्या आसपासच्या छोट्या दुकानांची आणि फेरीवाल्यांची पाहणी केली. ती २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आली. मॉलजवळच्या छोट्यांचा धंदा घसरल्याचे तिच्यात दिसले, आणि स्पर्धेला तोंड द्यायला काही नवे करू शकलेले दुकानदार होते फक्त १४ टक्के. पुढच्याच वर्षी ‘इक्रियर’ या संस्थेचा केंद्र सरकारसाठी केलेला मोठा अहवाल आला. दहा शहरांतल्या २,०२० छोट्या दुकानदारांशी बोलून त्यांनी सांगितले, की मोठे दुकान आले की सुरुवातीला विक्री आणि नफा दोन्ही पडतात, पण काही वर्षांत धक्का ओसरतो, आणि मोठ्यांच्या स्पर्धेमुळे बंद पडणारी दुकाने वर्षाला १.७ टक्के. अहवालाच्या बाजूचे लोक ‘बघा, फक्त १.७’ म्हणतात. पण दरवर्षी शंभरात पावणेदोन म्हणजे दहा वर्षांत सोळा-सतरा, हे त्यांच्या लक्षात येत नाही की आणून घेत नाहीत? शिवाय तेव्हा संघटित किरकोळ व्यापाराचा देशातला वाटा जेमतेम ४ टक्के होता. नदी घोट्याएवढी असताना केलेली मोजणी पुरात कामाला येत नाही. वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये दावा केला, की वर्षभरात देशात दोन लाख किराणा दुकाने बंद पडली आणि दोष दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्यांचा. दावा करणारा स्वतः बाधित पक्ष आहे, तेव्हा आकडा जपूनच घ्यावा. पण मोठ्या शहरांतल्या दुकानदाराची धास्ती आता मॉलपेक्षा मोबाइलवरून येते, एवढे त्यातून दिसते.

बाहेरचा सगळ्यात बोलका पुरावा मेक्सिकोचा आहे. तिथे परदेशी सुपरमार्केटे पसरल्यावर काय झाले, याचा तपशीलवार अभ्यास अॅटकिन, फेबर आणि गोन्झालेझ-नवारो यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी कुटुंबाचा फायदा उत्पन्नाच्या सुमारे ६ टक्के, आणि तो मुख्यतः स्वस्ताईतून. लाभ सगळ्या थरांना झाला, पण श्रीमंतांना जास्त. दुसऱ्या पारड्यात जुन्या दुकानदारांचा घटलेला नफा, काही बंद पडलेली दुकाने आणि तिथे राबणाऱ्यांचे घटलेले उत्पन्न. म्हणजे मॉलमुळे ‘अर्थव्यवस्थेचे’ भले झाले की वाईट, हा प्रश्नच अर्धा आहे. कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात, हा उरलेला अर्धा.

आपल्याकडचे राजकारण या अर्ध्याभोवतीच तापले. किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीचा निर्णय नोव्हेंबर २०११ मध्ये झाला, गदारोळानंतर थांबला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा आला. दहा लाखांवर वस्तीची शहरे, ३० टक्के खरेदी छोट्या उद्योगांकडून आणि अंतिम मर्जी राज्याची, अशा अटी होत्या. पृथ्वीराज चव्हाणांच्या सरकारने होकार दिला, विरोधात मोर्चे निघाले. प्रत्यक्षात त्या दारातून आली ती एकटी टेस्को, तीही टाटांच्या ट्रेंटबरोबर. दहा लाखांच्या अटीमुळे नंदुरबारच्या पेठेला तर त्या वादळाची झुळूकही लागली नाही. वॉलमार्ट मात्र २०१८ मध्ये फ्लिपकार्ट विकत घेऊन मागच्या दाराने प्रत्येक मोबाइलमध्ये येऊन बसली. मोबाइलला लोकसंख्येची अट नसते.

मोठी दुकाने अमर असतात असेही नाही. सुमारे सोळाशे दुकाने उघडलेली ‘सुभिक्षा’ २००९ मध्ये झोपली. किशोर बियाणींचा २००१ मधला ‘बिग बाजार’ कर्जाखाली दबला आणि २०२२ मध्ये त्याच्या जागा रिलायन्सकडे गेल्या. एक किराणा दुकान बुडाले तर एक घर आणि दोन-चार वितरक अडकतात, साखळी बुडाली तर शेकडो पुरवठादार. महाराष्ट्राला यापेक्षा निराळ्या मोठ्या दुकानाचीही ओळख होती. १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत उभा राहिलेला ‘अपना बाजार’, किंवा वारणानगरचा ‘वारणा बाजार’. सहकारी, भावाला चोख आणि नफा सभासदांचा. साखर कारखाने आणि सूतगिरण्या सहकारातून उभ्या करणाऱ्या शहाद्याच्या मातीला ग्राहक भांडाराची कल्पना परकी नसावी. तरीही साखरेएवढे लक्ष किराण्याकडे कुणी दिले नाही. किराण्यात मतपेढी दिसत नाही, हे एक कारण असावे.

इथवर वाचून छोट्या दुकानाबद्दल फार माया दाटून आली असेल, तर थोडे मागे जायला हवे. ‘आमची उधारी मॉल देईल का?’ हा दुकानदारांचा हुकमी एक्का. खराच आहे तो. चांदसैलीच्या घाटात दरड कोसळून वाट बंद होते, तेव्हा डोंगरातल्या घराला धान्य देते ते गावातले दुकान, आणि तेही वहीवर. पण याच वहीने या जिल्ह्यात जमिनी खाल्ल्या आहेत. पावसाळ्यात दिलेले धान्य, पिकावर दामदुपटीने फेड, आणि फेड झाली नाही की शेत सावकाराच्या नांगराखाली. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली १९७२ च्या सुमारास शहाद्यात आदिवासींचा जो लढा पेटला, त्याच्या मुळाशी गेलेल्या जमिनींचा प्रश्न होता. त्या दशकातच आदिवासी विकास महामंडळ आले, १९७६ चा आदिवासी आर्थिक स्थिती सुधारणा कायदा आला, एकाधिकार खरेदी आणि खावटी कर्ज आले. दुकानदाराच्या उधारीला सरकारने दिलेले ते उत्तर होते. अपुरे उत्तर, कारण खावटीचे पैसे येईतो पाऊस निम्मा झालेला असे, आणि तोवर पुन्हा वहीच. तेव्हा मॉलमधली रोखीची, छापील किमतीची, ‘तू कोण’ न विचारणारी पावती एखाद्या आश्रमशाळेत शिकून नोकरीला लागलेल्या पावरा तरुणाला मोकळी वाटली, तर ती भावनाही समजून घ्यावी. गल्ल्यासमोर ताटकळत उभे राहण्याची आणि मागून आलेल्या शेठला आधी माल मिळताना पाहण्याची आठवण त्याच्या बापाकडे आहे.

नोकऱ्यांचेही तसेच. मोठ्या दुकानातल्या मुलीला गणवेश असतो, ठरलेले तास असतात, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. किराण्यातल्या पोऱ्याला सकाळी सातपासून शटर पडेपर्यंत. राज्याचा २०१७ चा दुकाने कायदा आला तोच दहा किंवा अधिक कामगार असलेल्यांना पुरा लागू होणारा, म्हणजे पोऱ्या पहिल्यापासून त्याच्या कक्षेबाहेरच. मात्र मोठे दुकान नफा मुख्यालयाकडे पाठवते आणि पेठेतला शेठ त्याच नफ्यातून गावात घर बांधतो, गणपतीची वर्गणी देतो, भाच्याला दुसरे दुकान काढून देतो. नंदुरबारची पेठ अशाच पैशावर उभी राहिली. माणिक चौकात ज्याचे स्मारक आहे, तो १९४२ चा पंधरा वर्षांचा हुतात्मा शिरीषकुमार मेहताही व्यापारी घरातलाच होता.

राहिला शेतकरी. इक्रियरच्या अहवालात बंगळुरूजवळच्या फ्लॉवर उत्पादकांना थेट साखळीला विकल्यावर मंडईपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भाव मिळाल्याची नोंद आहे. नंदुरबारचा शेतकरी त्या रांगेत अजून उभा नाही. शहराबाहेरच्या पथारींवर पसरलेली लाल मिरची हे या जिल्ह्याचे सगळ्यात देखणे पीक. ओली मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती पथारीवर वाळवतो, देठ खुडायला शेकडो बाया बसतात आणि अवकाळी पावसाची एक सर लाखोंचा माल काळा करते. तिथून ती दूरच्या कारखान्यांत जाते आणि चकचकीत पाकिटात, तिपटी-चौपटीच्या भावाने, नंदुरबारच्याच फळीवर परत येते. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते किती फळ्यांवर दिसते? तापीकाठच्या काळ्या जमिनीतली दादर ज्वारी खानदेशी माणूस अजून पोत्याने घेतो, ती ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा पेठेतल्या धान्याच्या दुकानातून. चैत्रात वर्षाची मिरची घेऊन गिरणीवर कांडायला नेणारी बाई पाकिटाला अजून नाक मुरडते. तिची सून मुरडेलच, याची खात्री नाही.

म्हणून पेठेने मॉलविरुद्ध बंद पुकारण्यात अर्थ नाही. मार खातो तो मधला दुकानदार, ज्याच्याकडे यादीवाले गिऱ्हाईक होते आणि पुडीवाल्या गिऱ्हाइकात ज्याचे भागत नाही. त्याला वाचायचे तर घाऊक खरेदी एकत्र करावी लागेल. पन्नास दुकानांनी मिळून ट्रक मागवला तर ४५ ची वडी ४२ ला पडू शकते. गल्ल्यावर क्यूआर कोड लावून अर्धे काम झाले, उरलेले अर्धे मांडणी आणि पावती यांचे आहे. सरकारने परकीय भांडवलाच्या अटींवर जितके तास खर्च केले, त्याच्या दशांश जरी छोट्याला मोठ्याच्या भावात माल कसा मिळेल यावर घालवले असते, तर बरे झाले असते.

आणि एक काम तर कुठल्याही धोरणाची वाट न पाहता होण्यासारखे आहे. आठवडे बाजारात टोपली मांडून बसलेल्या प्रत्येक बाईकडून बाजार फी वसूल होते, तिचा लिलाव होतो, ठेकेदार पावती फाडतो. त्या पैशातून धडगाव, मोलगी, तळोद्याच्या बाजाराला ओटे, पत्र्याची सावली, प्यायचे पाणी आणि बायांसाठी एक बंद दाराचे स्वच्छतागृह द्यावे. येत्या भोंगऱ्याच्या आधी दिले, तर उत्तम.